प्रमाणित स्वेटर

स्वेटर मशीनमधून बाहेर काढला तेव्हा काकूंना त्यात काही वेगळं दिसलं नाही. खिडकीशी नेऊन उलटसुलट करून पाहिल्यावर दिसलं. करड्या लोकरीवर राणी रंगाची झाक आली होती. फार नाही, कुणी लाजलं तर गालावर येते तेवढी. दोष नव्या चादरीचा होता. नवी रंगीत चादर पहिल्यांदा वेगळी धुवायची असते हे काकूंना चांगलं ठाऊक होतं, पण मशीन अर्धं रिकामं राहत होतं आणि अर्धं रिकामं मशीन फिरवणं त्यांच्या जिवावर येई.

"कुणाच्या लक्षात येतंय," असं स्वतःशीच म्हणून त्यांनी स्वेटर दोरीवर टाकला. त्यांचा अंदाज बरोबर ठरला. बरेच दिवस कुणाच्याही लक्षात आलं नाही, आणि पुढचं सगळं त्यामुळेच झालं.

काकूंचे यजमान वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानांतली मापं तपासायची, खरी असतील तर शिक्का मारायचा, खोटी असतील तर जप्त करायची, यात त्यांची सगळी नोकरी गेली. खात्यात त्यांना काटासाहेब म्हणत. नोकरी संपली, नाव राहिलं. खात्याच्या कपाटात मखमली पेटीत पितळेची प्रमाणित वजनं असत. बाहेरच्या वजनाबद्दल शंका आली की ते पेटीतल्या वजनाशी ताडून पाहायचं. पेटीतल्या वजनाबद्दल मात्र शंका घ्यायची नाही, कारण ती घेतली तर मग जगात धरायचं काय, असं काटासाहेबांचं म्हणणं होतं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी कॅमेरा घेतला आणि गावातल्या हौशी छायाचित्रकार मंडळाचे ते सभासद झाले. मंडळाचे अध्यक्ष पेशाने दातांचे डॉक्टर होते. पहिल्याच बैठकीत डॉक्टरांनी एक करडं कार्ड दाखवलं. कॅमेऱ्याला स्वतःची अक्कल नसते, ते म्हणाले. दिव्याखाली त्याला सगळं पिवळं दिसतं, सावलीत निळं. म्हणून आधी त्याला हे कार्ड दाखवायचं आणि सांगायचं, हा बघ, हा शुद्ध करडा. मग त्यावरून तो बाकीचे रंग तोलतो.

'तोलतो' या शब्दावर काटासाहेब खुर्चीत पुढे सरकले. मखमली पेटी पुन्हा उघडल्यासारखं त्यांना वाटलं. मात्र कार्डात एक गैरसोय होती. ते वाऱ्याने उडणार, वाकणार, आणि धरायला कुणीतरी लागणार. धरायला काकू होत्याच, कारण फोकस घेण्यासाठीही त्या लागत. ज्या जागेचा फोटो काढायचा तिथे त्यांनी उभं राहायचं. काटासाहेब बटण अर्धं दाबत. फोकस बसला की कॅमेरा 'पिप्' असा आवाज करी, आणि 'पिप्' झालं की काकूंनी बाजूला व्हायचं. मग त्या जागी जे काही असे, बाक, कठडा, गवतावरचा थेंब, त्याचा फोटो निघे. सुरुवातीला काटासाहेब "आता बाजूला हो" असं सांगत. पुढे तेवढीही गरज उरली नाही.

तेव्हा दोन्ही कामं एकाच माणसाकडून का करून घेऊ नयेत, असा विचार करून काटासाहेबांनी डॉक्टरांकडून ते कार्ड एका दिवसासाठी मागून आणलं आणि खिशात घालून ते कपड्यांच्या दुकानात गेले. त्यांनी बायकांचे करडे स्वेटर मागितले. विक्रेत्याने टेबलावर ढीग लावला. काटासाहेब एकेक स्वेटर दाराशी उजेडात नेऊन कार्डाशी लावून बघत आणि मान हलवून परत करत. विक्रेत्याने नोकरीत पुष्कळ गिऱ्हाइकं पाहिली होती, पण बायकोच्या स्वेटरसाठी इतका जीव टाकणारा नवरा पाहिला नव्हता. तसं त्याने बोलूनही दाखवलं. काटासाहेबांनी ते ऐकून घेतलं.

तो स्वेटर त्यांनी घरी आणून काकूंच्या हातात दिला. मागितल्याशिवाय त्यांनी काकूंसाठी आणलेली ही पहिली वस्तू. काकूंनी ती तिथल्या तिथे घालून आरशात पाहिली. मापाला अगदी बरोबर बसली. रंग जरा उदास होता, पण काकू म्हणाल्या, नेसूचं कसं का असेना, वरून शोभतो. त्यात दुसऱ्याच दिवशी काटासाहेब म्हणाले की फोटो काढायला जायचंय, स्वेटर घाल. काकूंनी केस दोनदा विंचरले. त्या दिवशी काटासाहेबांनी खरोखरच कॅमेरा त्यांच्याकडे वळवला, जवळ आले, स्वेटरने सगळी चौकट भरेपर्यंत जवळ आले, फोटो काढला, पडद्यावर पाहून "उत्तम" म्हणाले. काकूंनी तो दाखवा म्हणायच्या आत तो पुसून टाकला.

टेस्टचे फोटो ठेवायचे नसतात, हे त्यांचं तत्त्व होतं. माप तपासून झालं की वजन कुणी पिशवीत घालून घरी नेत नाही.

तेव्हापासून काकूंचा फोटो जवळजवळ रोज निघे आणि जवळजवळ लगेच पुसला जाई. काकूंना वाटे, आज ना उद्या एखादा त्यांना आवडेल आणि राहील. फोन होता, त्यावर स्वतःचा फोटो स्वतः काढता येतो हेही त्यांना माहीत होतं. एकदा काढून पाहिला तर त्यात नाकच नाक आलं. पण अडचण नाकाची नव्हती. त्यांना यांनी काढलेला फोटो हवा होता. थेंबासाठी हा माणूस गुडघ्यावर बसतो, श्वास धरतो, एक डोळा मिटून जगाला विसरतो. तसं एकदा आपल्याकडे बघावं, एवढंच.

चादरीचा प्रकार झाला त्याच आठवड्यात मुलीचा फोन आला. ती पुष्कळ लांब राहत होती आणि फोनवर चेहरा दाखवून बोले. तिच्या मागे भिंत दिसे. भिंतीवर काटासाहेबांनी पाठवलेले फोटो ओळीने लावले होते: दवबिंदू, गोल जिना, दवबिंदू, कालव्यावरचं धुकं.

"बाबा, आईचा एक फोटो पाठवा ना," मुलगी म्हणाली. "छोटी विचारते आजी कशी दिसते."

"फोनवर रोज बघते की."

"फोनवर तिला आजीचं कपाळ दिसतं, बाबा. आईला फोन धरता येत नाही."

काटासाहेब म्हणाले, त्यात काय, आईचे फोटो शेकड्यांनी काढलेत. फोन ठेवून ते संगणकाशी बसले. सगळे कप्पे उघडून पाहिले. दवबिंदू होते, धुकं होतं, रेलिंगच्या सावल्या होत्या, पाठ फिरवलेली कबुतरं होती. काकू दारात हात पुसत उभ्या राहून त्यांचं शोधणं पाहत होत्या.

"नाहीये वाटतं," काटासाहेब शेवटी म्हणाले. "काढू की एक. त्याला काय वेळ लागतो."

"मग काढा ना आत्ता."

काटासाहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि ते उठलेच. "आत्ता कालव्यावर धुकं उतरलंय. तासाभरात जाईल ते. जे पळून जातं त्याचा फोटो आधी. तू कुठे पळून जातेस? चल, स्वेटर घाल."

काकूंनी स्वेटर घातला. कालव्यावर कठड्याशी उभ्या राहिल्या. काटासाहेबांनी कॅमेऱ्याला स्वेटर दाखवून सांगितलं की हा शुद्ध करडा. कॅमेऱ्याने विश्वास ठेवला. स्वेटर गुलाबीकडे झुकलेला, त्याला म्हणायचं करडा, म्हणजे जगात जरूरीपेक्षा जास्त गुलाबी आहे असा कॅमेऱ्याचा समज झाला आणि तो काढून टाकण्यासाठी त्याने सगळीकडे हिरवा रंग ओतला. 'पिप्' झालं, काकू बाजूला झाल्या, आणि धुक्याचा फोटो निघाला.

घरी येऊन फोटो पाहताना काटासाहेबांच्या कपाळाला आठी पडली. धुकं हिरवट दिसत होतं. पाणी हिरवं, कठडा हिरवा, आणि त्यावर बसलेला पांढरा पक्षी आजारी वाटावा इतका हिरवा. पण माप बरोबर होतं. माप बरोबर असताना चूक मालात असते किंवा बघणाऱ्यात. त्यांनी आधी खोलीतला बल्ब बदलला. मग संगणक दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्याने पडदा तपासून तो ठणठणीत असल्याचं सांगितलं. तेव्हा ते चष्म्याच्या दुकानात गेले. तिथल्या माणसाने त्यांना निरनिराळे ठिपके दाखवून आकडे वाचायला लावले आणि रंगांची पारख तरुणांना लाजवेल अशी आहे म्हणून सांगितलं. काटासाहेब जास्तच काळजीत पडले. आता बिघडायला फक्त जगच उरलं होतं.

काकूंनी एकदा सुचवून पाहिलं की कॅमेराच नादुरुस्त असेल.

"कॅमेरा मापाने चालतो," ते म्हणाले. "माप पक्कं आहे."

कुठलं माप, हे काकूंना कळलं नाही. त्यांनी विचारलंही नाही, कारण मुलीला पाठवायचा फोटो त्यांना त्यापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटत होता आणि तो विषय काढला की काहीतरी पळून जायला निघालेलं असे. एकदा तिरपं ऊन होतं. एकदा कोळ्याचं जाळं होतं. प्रत्येक वेळी काकू स्वेटर घालून उभ्या राहिल्या.

मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनाची तारीख जवळ आली. विषय होता शांतता, आणि फोटो नवेच हवेत असा नियम होता. काटासाहेबांजवळ हिरव्याखेरीज दुसरे नवे फोटो नव्हते. खोटं माप दुकानात मांडल्यासारखं त्यांना वाटत होतं, पण नाव दिलेलं होतं. त्यांनी कोपऱ्यातली भिंत मागून घेतली, जिथे उजेड कमी असतो.

दातांचे डॉक्टर त्या भिंतीपुढे थांबले. एक पाऊल मागे गेले. मग चष्मा काढून पुसून पुन्हा लावला. त्यांच्या मागे सभासद गोळा झाले.

"ही पाण्याखालची शांतता आहे," डॉक्टर म्हणाले. "काटासाहेब, हे केलंत कसं?"

काटासाहेब म्हणाले की त्यांनी काही केलेलं नाही. हे उत्तर डॉक्टरांना इतकं आवडलं की ते त्यांनी समारोपाच्या भाषणातही सांगितलं. ज्याला खरंच येतं तो असंच बोलतो, असं ते म्हणाले. पहिला क्रमांक काटासाहेबांना मिळाला, आणि येत्या रविवारी त्यांनी सगळ्यांना हे तंत्र करून दाखवावं असा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. काकू मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या. भिंतीवरच्या प्रत्येक फोटोत ज्या जागी त्या उभ्या होत्या ती जागा त्यांना ओळखू येत होती.

आता काटासाहेबांपुढे पेच पडला. करून दाखवायचं तर ते कसं होतं ते कळायला हवं. नाइलाजाने त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं, पेटीतल्या वजनावर शंका घेतली. डॉक्टरांकडून ते करडं कार्ड पुन्हा मागून आणलं, खुर्चीच्या पाठीवर स्वेटर पसरला, आणि कार्ड त्यावर ठेवलं. कार्ड करडं होतं. स्वेटर लाजलेला होता.

"अगं, हा स्वेटर तू धुतलास?"

"कपडे धुतातच," काकू आतून म्हणाल्या.

"कशाबरोबर धुतलास?"

काकू बाहेर आल्या. कार्ड पाहिलं, स्वेटर पाहिला, चादरीचं सांगून टाकलं. एवढा आरडाओरडा करण्यासारखं काय झालं, असंही विचारलं. तेव्हा काटासाहेबांनी त्यांना खुर्चीवर बसवून सगळं शांतपणे, सरकारी खुलासा द्यावा तसं, पहिल्यापासून समजावून सांगितलं. कार्ड कशासाठी असतं. ते वाऱ्याने कसं उडतं. ते खिशात घालून दुकानात कसे गेले आणि नेमक्या त्या करड्यापर्यंत पोचायला किती स्वेटर उलथेपालथे करावे लागले. इतकी अचूक लोकर सापडणं किती अवघड असतं. बोलता बोलता त्यांना त्या खरेदीचा पुन्हा अभिमान वाटू लागला. काकूंच्या चेहऱ्याकडे त्यांचं लक्ष गेलं ते बरंच उशिरा.

"म्हणजे तो माझ्यासाठी नव्हता," काकू म्हणाल्या.

"असं कसं? तुझ्याच मापाचा आहे."

"आणि रोज माझा फोटो काढायचात तो..."

"स्वेटरचा," काटासाहेब म्हणाले. ते कधी खोटं बोलत नसत. हा त्यांचा गुण होता आणि आतापर्यंत त्याचा घरात उपद्रव झाला नव्हता.

काकूंनी स्वेटर उचलला. बाह्या आत घेऊन नीट घडी घातली, मग काय वाटलं कोण जाणे, घडी मोडली आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या ट्रायपॉडवर तो चढवला. वरचं बटणसुद्धा लावलं.

"घ्या," त्या म्हणाल्या. "हा उभा राहील. बोलणार नाही, दमणार नाही, आणि याचे पायही दुखत नाहीत."

रविवारी काटासाहेब स्वेटर घेऊन एकटेच मंडळात गेले. काकूंना डोकेदुखी आहे असं त्यांनी सांगितलं. ते काकूंनीच सांगायला सांगितलं होतं. हॉल भरला होता. कॅमेरा पडद्याला जोडलेला होता, म्हणजे निघालेला फोटो सगळ्यांना लगेच दिसे. काटासाहेबांनी सुरुवातीलाच सांगितलं की हे तंत्र नाही, चूक आहे, स्वेटर नव्या चादरीबरोबर धुतला गेला आहे. लोक समजून हसले आणि काहींनी 'नवी चादर' असं टिपून घेतलं.

फुलदाणी मांडली होती. फुलदाणीपुढे खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर स्वेटर. काटासाहेबांनी कॅमेऱ्याला स्वेटर दाखवला, फोकस घेतला. 'पिप्' झालं आणि त्यांनी बटण पूर्ण दाबलं. पडद्यावर स्वेटर आला. त्याच्या मागे कुठेतरी फुलदाणी असावी. काटासाहेब कॅमेऱ्यामागून जरा वैतागून म्हणाले, "अगं, बाजूला हो ना."

खुर्ची हलली नाही. हॉलमध्ये कुणी हसलं नाही, कारण तज्ज्ञ माणूस काय करतो ते सगळे गंभीरपणे पाहत होते. काटासाहेबांनी पुढे जाऊन स्वतः खुर्ची उचलून बाजूला ठेवली.

फुलदाणी हिरवी आली, वाहवा झाली. तेव्हा डॉक्टर उठले आणि म्हणाले, आता माणसावर करून दाखवा, मी बसतो. ते खुर्चीवर बसले आणि हसले. दातांच्या डॉक्टरांचं हसू हे त्यांच्या दवाखान्याचं निम्मं भांडवल होतं; ते नेहमी सगळे दात दाखवून हसत. 'पिप्' झालं. डॉक्टर पडद्यावर आले. कोट हिरवा, कपाळ हिरवं, आणि ओठांमध्ये दोन ओळींत, पुष्कळ दिवस न घासलेल्या हौदाच्या कडेसारखं शेवाळ.

सभासदांपैकी निम्मे डॉक्टरांचे रोगी होते. त्यांतल्या काहींनी नकळत गालाला हात लावला.

डॉक्टर पडद्याकडे पाहत राहिले. मग सावकाश तोंड मिटून ते म्हणाले की तंत्र थोर आहे, पण ते निसर्गापुरतंच ठेवावं, माणसांवर करू नये. तेही टिपून घेण्यात आलं.

त्यानंतर स्वेटर घरी आलाच नाही. एका सभासदाला तळ्याचे फोटो काढायचे होते, तो घेऊन गेला. त्याच्याकडून दुसऱ्याने नेला. तिसऱ्याने घरच्या स्वेटरवर प्रयोग केला आणि तिथे असं काही भांडण झालं की त्यालाही हाच हवासा वाटला. स्वेटर फिरतीवर गेला. गावात जिकडेतिकडे हिरवी शांतता पसरली.

काटासाहेबांना स्वेटरचं दुःख नव्हतं. खोट्या मापावर शिक्का मारायचा नसतो. डॉक्टरांनी खूश होऊन, किंवा पुन्हा असं काही होऊ नये म्हणून, आपलं करडं कार्ड त्यांना कायमचं देऊन टाकलं. ते घेऊन काटासाहेब सकाळी कालव्यावर गेले. बाकावर दव होतं. कार्ड बाकाला टेकवलं. रंग अगदी बरोबर आले. तरी फोटो निघेना. ते एका डोळ्याने चौकटीत पाहत आणि वाट पाहत, आणि कशाची वाट पाहतोय ते त्यांना कळत नसे. चौकटीत कार्ड होतं. कार्ड "झालं का?" असं विचारत नव्हतं. कार्डाने स्वयंपाक गॅसवर ठेवलेला नव्हता. ऊन वर आलं, दव गेलं, आणि काटासाहेब एकही फोटो न काढता घरी आले.

काकू भाजी निवडत होत्या. गार वाऱ्याचे दिवस होते आणि त्यांनी अंगाभोवती जुनी शाल घेतली होती. काटासाहेब समोरच्या खुर्चीवर बसले, कॅमेरा मांडीवर ठेवला.

"चल," ते म्हणाले. "मुलीला पाठवायचा फोटो काढू."

"स्वेटर नाहीये घरात."

"स्वेटर नको. तुला जे आवडतं ते घाल."

काकूंनी मान वर केली नाही. "आज काय पळून जात नाहीये वाटतं बाहेर?"

काकूंनी भाजी संपेपर्यंत निवडली, हात धुतले आणि आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या अंगात निळे कपडे होते, मुलगी लांब गेली त्या दिवशी निरोप द्यायला घातलेले आणि नंतर कधीच न घातलेले.

ते दुपार कलताना कालव्यावर गेले. मंडळात शिकलेलं सगळं काटासाहेबांनी पणाला लावलं. काकूंना बाकापासून दूर उभं केलं, म्हणजे मागची झाडं विरघळल्यासारखी दिसतील. ऊन चेहऱ्यावर तिरपं येईल असं वळवलं. डोळ्यांत उजेडाचा ठिपका यावा म्हणून पांढरा रुमाल झुडपाला बांधला. मग ते गुडघ्यावर बसले, श्वास धरला, एक डोळा मिटला. काकूंनी ते पाहिलं. त्यांनी हनुवटी किंचित वर केली.

'पिप्.'

काकू बाजूला झाल्या.

फोटोत झाडं विरघळलेली होती, ऊन तिरपं होतं, आणि मधोमध कुणीही नव्हतं. उजव्या कडेला निळी बाही होती.

"अगं, हलायचं नाही."

"मी कुठे हलले?" काकू म्हणाल्या, आणि आपण कुठे उभ्या आहोत ते पाहून स्वतःच चकित झाल्या.

पुन्हा उभ्या राहिल्या. पुन्हा 'पिप्', पुन्हा पाय आपोआप निघाले. काटासाहेबांनी त्यांना कठड्याला धरून उभं राहायला सांगितलं. 'पिप्' होताच काकूंनी कठडा सोडला. बाकावर बसवलं, त्या बसल्या बसल्या टोकाला सरकल्या. काकूंना हसू यायला लागलं. इतक्या वर्षांची सवय, त्या म्हणाल्या, मी नाही हो जात, पाय जातात. हसता हसता त्यांनी रुमालाने डोळे पुसले आणि पुसतच राहिल्या. तोवर ऊन गेलं. उरलेला उजेड थेंबालाही पुरला नसता.

घरी काटासाहेबांनी फोटो संगणकावर उघडले. एकात कोपर होतं, एकात निळ्या कपड्यांचा काठ, एकात मागून केस. एकात अर्धा चेहरा होता, पण तो चौकटीबाहेर बघत होता. एकामागून एक पाहत गेलं की असं दिसे, एक बाई हळूहळू निघून चालली आहे आणि कुणी तिला थांब म्हणत नाही. काटासाहेबांचा हात सवयीने पुसण्याच्या बटणावर गेला. मग तो त्यांनी काढून घेतला आणि मांडीवर ठेवला.

आत काकू मुलीशी फोनवर बोलत होत्या. फोटो आज नाही जमला, त्या सांगत होत्या. तुझ्या बाबांनी खूप केलं गं, मलाच उभं राहता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काटासाहेबांनी कॅमेऱ्याबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक काढलं. ते दातांच्या डॉक्टरांकडेही जाऊन आले. दवाखान्यात दोघांनी कॅमेऱ्यात डोकं घालून पडद्यावरच्या याद्या खालीवर केल्या. आत खुर्चीवर एक रोगी तोंड उघडं ठेवून तेवढा वेळ थांबला होता.

दुपारी ते घरी आले तेव्हा काकू मागच्या दाराशी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. राणी रंगाची ती चादर दोरीवर होती. आता तिचा रंग जाणार तेवढा गेला होता. काकूंच्या अंगावर घरातले कपडे, केसांची एक बट सुटलेली.

"अगं, जरा तिथेच उभी राहा," काटासाहेब म्हणाले. "चादरीचा फोटो घ्यायचाय. फोकस घेतो."

"आता चादर पळून जातेय का?" काकू म्हणाल्या, पण उभ्या राहिल्या. हातात अर्धी घडी घातलेला टॉवेल होता. काटासाहेब गुडघ्यावर बसले आणि त्यांनी डोळा मिटला.

काकू 'पिप्' व्हायची वाट पाहू लागल्या. 'पिप्' होईना. त्या चादरीकडे पाहत होत्या, मग टॉवेलकडे पाहिलं, मग काय चाललंय ते पाहायला कॅमेऱ्याकडे पाहिलं. काटासाहेबांचं बोट हलत होतं. कॅमेरा मुका होता.

"अहो, झालं का?"

"नाही अजून."

काकूंनी सुटलेली बट कानामागे सारली. टॉवेलची घडी पूर्ण केली. गॅसवर दूध होतं हे त्यांच्या लक्षात होतं. यजमानांच्या बोटाकडेही त्यांचं लक्ष होतं. इतकी वर्षं त्या कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या होत्या, बोट अर्धं दाबलेलं कधी असतं आणि पूर्ण दाबलेलं कधी, हे त्यांना त्या पिप्पेक्षाही चांगलं कळत होतं.

"झालं का हो?" त्यांनी थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, जागचं न हलता.

"थांब जरा," काटासाहेब म्हणाले. "अजून नाही."

आत दूध उतू गेल्याचा आवाज आला. दोघांनीही तो ऐकला, आणि दोघंही हलली नाहीत.